गच्चीवरच्या टबात गोल्डफिशचा शिधा

काचेच्या टाकीत पाणवनस्पती जोपासणारे हौशी लोक एका वनस्पतीला दुरूनच हात जोडतात. ती म्हणजे डकवीड. बाजारातून आणलेल्या एखाद्या रोपाच्या मुळांत अडकून तिच्या दोन-चार हिरव्या चकत्या टाकीत येतात आणि बघता बघता पाण्याचा सगळा पृष्ठभाग व्यापून टाकतात. खालच्या झाडांचा उजेड जातो, फिल्टरच्या तोंडाशी मुळांचा गुंता होतो, पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत हिरवे ठिपके चिकटतात. गोल्डफिश पाळणाऱ्यांची तक्रार मात्र नेमकी उलटी असते. त्यांच्या टाकीत डकवीड टिकतच नाही. सकाळी मूठभर सोडावे, तर संध्याकाळपर्यंत मासे त्याचा फडशा पाडतात.

या दोन तक्रारींतच उपाय दडलेला आहे. जी वनस्पती न सांगता वाढते आणि जी माशांना इतकी आवडते, ती टाकीबाहेर, एखाद्या पसरट टबात वाढवायची आणि रोज थोडी थोडी माशांना घालायची. त्यासाठी फार खर्च लागत नाही, जागाही बेताची पुरते. मात्र हे हिरवे खाद्य कितपत कसदार निघेल, हे टबातल्या पाण्यावर ठरते, आणि तिथेच या छंदातली खरी मेख आहे.

गावतळ्याच्या कडेला साचलेला हा हिरवा थर पाहून बहुतेक जण त्याला शेवाळच म्हणतात. प्रत्यक्षात डकवीड ही फुले येणारी वनस्पती आहे. वनस्पतिशास्त्र तिची गणना ज्या कुळात करते, त्याच कुळात अळू आणि सुरणही येतात. हातभर रुंद पानांच्या अळूशी या इवल्या ठिपक्याचे नाते असेल, यावर विश्वास बसत नाही. पण उत्क्रांतीच्या ओघात डकवीडने शरीराचा बहुतेक पसारा टाकून दिला आहे. खोड आणि पान असा भेदच तिच्यात उरलेला नाही. आहे ती एक चपटी चकती, आत हवेच्या पोकळ्या, आणि असलीच तर खाली लोंबणारी बारीक मुळे. फुले क्वचितच येतात. वाढ होते ती चकतीच्या कडेतल्या खाचेतून नवी चकती फुटून.

या गटात पाच प्रजाती आणि सुमारे ३६ जाती आहेत. स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना, वुल्फिएला आणि वुल्फिया अशी प्रजातींची नावे. यांपैकी लँडोल्टिया हे नाव १९९९ साली देण्यात आले, ते झुरिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास लँडोल्ट यांच्या सन्मानार्थ. त्यांनी जगभरातून डकवीडचे नमुने गोळा करून त्यांचा सखोल अभ्यास केला होता. घरी वाढवणाऱ्याला मात्र तीनच प्रकार ओळखता आले तरी पुरे. चकती उलटी केल्यावर खाली एकच मूळ दिसले, तर ती लेम्ना. चकती मोठी, खालची बाजू जांभळट आणि मुळांचा झुबका असेल, तर स्पायरोडेला. मूळ मुळीच नाही आणि आकार रव्याच्या कणाएवढा, तर ती वुल्फिया.

वुल्फियाची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही. जगातली सर्वांत लहान फुलझाडे याच प्रजातीत मोडतात. थायलंडच्या उत्तर आणि ईशान्य भागात माणसेही ती आवडीने खातात. तिथे तिला ‘खाय नाम’, म्हणजे ‘पाण्याची अंडी’ म्हणतात. भारतीय उपखंडातली वुल्फिया मायक्रोस्कोपिका ही जात तर संशोधकांची फार जुनी ओळखीची. दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६०च्या दशकात परीक्षानळीत तिला फुले कशी आणता येतात याचा अभ्यास केला. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत ही जात ३० तासांच्या आत दुप्पट होते असे आढळले. फुलझाडांमध्ये वाढीचा इतका वेग तोवर कोणी नोंदवला नव्हता.

घरच्या टबात ही गती मिळत नाही. उजेड, ऊन आणि पोषण यांचा मेळ बसला, तर लेम्ना तीन-चार दिवसांत दुप्पट होते. थंडीत किंवा सावलीत आठवडाही लागतो. तरी तीन दिवसांचा हिशोब धरला, तर ३० दिवसांत दहा दुपटी होतात आणि एका चकतीच्या १,०२४ होतात. अर्थात हे गणित कागदावरचे. पाण्याचा पृष्ठभाग भरला की चकत्या एकमेकींवर चढतात, खालच्यांचा उजेड तुटतो आणि वाढ मंदावते. म्हणूनच डकवीडच्या शेतीत काढणी हे वाढ टिकवण्याचेच साधन असते.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे माशाकडे. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, तळ्यातल्या साध्या करड्या कार्पमधून केशरी-पिवळे मासे निवडून पाळले जाऊ लागले आणि त्यांतून आजचे ओरांडा, रांचू, र्युकिन, ब्लॅक मूर असे नाना प्रकार घडले. रंग बदलला, शेपटी बदलली, शरीर गोलमटोल झाले. आतडे मात्र त्या तळ्यातल्या माशाचेच राहिले.

या माशाला जठर नसते. घशातून उतरलेले अन्न थेट लांब आतड्यात जाते. जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. वरच्या कठीण गादीवर दाबून मासा त्यांनी वनस्पतीचा चेंदा करतो. एकदाच भरपूर खाऊन साठवून ठेवणे त्याच्या शरीराला जमत नाही. निसर्गात तो दिवसभर थोडे थोडे खात फिरतो: कोवळी पाने, शेवाळ, किड्यांच्या अळ्या, चिखलातला गाळ. टाकीत त्याला दिवसातून दोनदा कोरडे दाणे मिळतात आणि ते दोन मिनिटांत संपतात. उरलेला दिवस तो तळाचे खडे तोंडात घेऊन थुंकत बसतो. पाण्यावर तरंगणारे डकवीड त्याला चरायला देते आणि तंतूही पुरवते. उकडलेला वाटाणा किंवा वाफवलेला पालक यासाठीच दिला जातो. पण तो उरला तर काही तासांत कुजू लागतो. डकवीड जिवंत असल्यामुळे, न खाल्लेले तसेच तरंगत राहते.

गोलमटोल जातींच्या बाबतीत एका गोष्टीची स्पष्टता हवी. हे मासे कधी उलटे तरंगतात, कधी तळाशी कलंडतात. गोल्डफिशचा वाताशय एका नळीने अन्नमार्गाशी जोडलेला असतो, त्यामुळे आहार आणि तरंगणे यांचा संबंध येतो हे खरे. पण दाबून बसवलेली शरीरयष्टी, जंतुसंसर्ग, थंड पाणी अशीही कारणे असू शकतात. डकवीड हा चांगला आहार आहे, या दुखण्यावरचे औषध नव्हे.

रंगाशी मात्र डकवीडचा थेट संबंध आहे. माशांना लाल-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये त्यांच्या शरीरात मुळापासून तयार होत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. डकवीडमध्ये ल्युटिन आणि बीटा-कॅरोटिन भरपूर असते. नियमित हिरवा चारा आणि पुरेसा उजेड मिळालेल्या माशाचा रंग टिकायला त्याची मदत होते. रंग मूळ जातीवर आणि वयावरही अवलंबून असतो, त्यामुळे फिकट मासा डकवीडने गडद होईलच, असे मात्र नाही.

आहारमूल्याचा हिशोब करताना पाणी विसरून चालत नाही. ताज्या डकवीडमध्ये ९२ ते ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे २० ग्रॅम ओले डकवीड वाळवले, तर हाती जेमतेम एक-दीड ग्रॅम उरते. या कोरड्या भागात प्रथिने किती, हा खरा प्रश्न. निकस पाण्यात वाढलेल्या डकवीडमध्ये ती १५ ते २५ टक्के असतात आणि तंतू १५ ते ३० टक्के. पोषक पाण्यात वाढलेल्या आणि वेळेवर काढलेल्या डकवीडमध्ये प्रथिने ३५ ते ४३ टक्क्यांपर्यंत चढतात, तंतू ५ ते १५ टक्क्यांवर येतात. वनस्पती तीच, रंगही दुरून तोच. पण एक नुसता चोथा आणि दुसरा बाजारातल्या चांगल्या दाण्यांच्या तोडीचा. साध्या नळाच्या पाण्यात, काहीही न घालता वाढवलेल्या डकवीडकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, ते यासाठी.

हे आकडे केवळ प्रयोगशाळेतले नाहीत. बांगलादेशात टांगाईल जिल्ह्यातल्या मिर्झापूर येथे कुमुदिनी रुग्णालयाचा मोठा परिसर आहे. दानशूर व्यापारी रणदाप्रसाद साहा यांनी तो उभा केला. १९९०च्या सुमारास तिथे एका संस्थेने डकवीडचा प्रकल्प सुरू केला. परिसरातले सांडपाणी नागमोडी वळणाच्या उथळ तळ्यातून हळूहळू वाहू द्यायचे, त्यावर डकवीड वाढवायचे, आणि रोज काढलेले डकवीड शेजारच्या तळ्यातल्या रोहू, कटला, मृगळ, गवत्या या माशांना घालायचे, अशी ही रचना. वाऱ्याने डकवीड एका कोपऱ्यात ढकलले जाऊ नये, म्हणून पाण्यावर बांबूच्या चौकटी तरंगत ठेवल्या होत्या. पाणी स्वच्छ होत गेले आणि मासेही पोसले. जागतिक बँकेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या डकवीड-शेतीवरच्या पुस्तिकेचा बराचसा आधार मिर्झापूरचाच अनुभव होता. वर्षाला हेक्टरी १० ते ३० टन कोरडे डकवीड, असा चांगल्या व्यवस्थापनातल्या उत्पादनाचा अंदाज याच काळातल्या कामातून रूढ झाला.

पश्चिम बंगालमध्ये तर या वनस्पतीला ‘खुदीपाना’ म्हणतात आणि ती तळ्यातून काढून माशांना घालणे हा तिथल्या मत्स्यपालनाचा परिचित भाग आहे. भारतातल्या शोभेच्या माशांच्या पैदाशीत हावडा परिसराचा वाटा मोठा. मुंबई-पुण्याच्या दुकानांत पिशवीतून विकले जाणारे कितीतरी मासे तिकडूनच आलेले असतात.

मिर्झापूरमध्ये जे सांडपाण्याने केले, ते घरी गोल्डफिशच्या टाकीतले पाणी करू शकते. इथे थोडे गणित उपयोगी पडते. माशाला ३५ टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य दिले, तर त्यासोबत सुमारे ५६ मिलिग्रॅम नत्र टाकीत जाते. त्यातला साधारण पाव ते एक-तृतीयांश भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांश कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने, थोडा विष्ठेतून, पाण्यात मिसळतो. म्हणजे जवळपास ४० मिलिग्रॅम नत्र. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साचत जाते आणि ते कमी करायला दर आठवड्याला पाणी बदलावे लागते. एरवी हे पाणी मोरीत ओतले जाते. दुसरीकडे, ३० टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम कोरडे डकवीड तयार व्हायला ४८ मिलिग्रॅम नत्र लागते. म्हणजे माशाने खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम खाद्यामागे जे नत्र वाया जाते, त्यातून तत्त्वतः १५ ग्रॅमच्या आसपास ताजे डकवीड उभे राहू शकते.

व्यवहारात इतके हाती लागत नाही. काही नत्र गाळात जाते, काही हवेत उडते. पण दिशा स्पष्ट आहे: टाकीतून निघालेले पाणी हेच टबाचे खत. नत्राची दोन्ही रूपे, अमोनियम आणि नायट्रेट, डकवीडला चालतात. त्यातही अमोनियम ती आधी उचलते.

टब निवडताना खोलीपेक्षा पसारा पाहावा, कारण डकवीड फक्त पृष्ठभागावर वाढते. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा प्लॅस्टिकचा टब, त्यात १५ ते २० सेंटिमीटर पाणी, ही चांगली सुरुवात. बांधकामावरचे मोठे घमेले, लहान मुलांचा आंघोळीचा टब, थर्माकोलचा मासळीचा खोका, यांपैकी काहीही चालते. लोखंडी किंवा तांब्या-पितळेचे भांडे टाळावे. तांबे डकवीडला आणि माशांना दोघांनाही घातक असते. अगदी उथळ परातीत पाणी दुपारी तापते आणि पहाटे गार होते, म्हणून निदान वीतभर तरी खोली हवी.

पहिल्यांदा अर्धा टब टाकीतल्या पाण्याने भरावा, उरलेला साध्या पाण्याने. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन निघून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे. पुढे दर आठवड्याला टाकीचे पाणी बदलताना टबातले थोडे पाणी काढून झाडांना घालावे आणि त्या जागी टाकीचे पाणी ओतावे. फिल्टरचा स्पंज पिळून निघालेले काळपट पाणीही टबात जाऊ द्यावे. त्यात स्फुरद आणि इतर पोषक द्रव्ये असतात. शेणकाला किंवा युरिया घालण्याचा मोह होतो, पण लहान टबात त्याचे प्रमाण सांभाळणे कठीण. अमोनिया फार झाला आणि पाणी अल्कधर्मी असले, की डकवीडच मरते. शिवाय हे अन्न थेट माशाच्या तोंडी जाणार आहे.

डकवीडला स्थिर पाणी लागते. हवेच्या पंपाचे बुडबुडे, कारंजे, फिल्टरची धार यांनी चकत्या सतत ओल्या होऊन बुडतात आणि वाढ खुंटते. सकाळचे तीन-चार तासांचे ऊन आणि नंतर भरपूर उजेड मिळणारी बाल्कनी उत्तम. ऊन अजिबात न येणाऱ्या घरात पांढरा एलईडी दिवा रोज १२ ते १४ तास लावूनही ते वाढवता येते.

बियाणे म्हणून मूठभर डकवीड पुरते, पण ते कुठून आणायचे याचा विचार हवा. कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू डकवीड पाण्यातून शोषून अंगात साठवते. प्रदूषण तपासण्यासाठीही लेम्नाचा उपयोग होतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर रसायनांची विषारीपणाची चाचणी लेम्नाच्या वाढीवरून घेण्याची प्रमाणित पद्धत आहे. म्हणून शहरातला नाला, कारखान्यांजवळचे तळे किंवा फवारणी होणाऱ्या शेताच्या कडेचे पाणी, तिथला कितीही हिरवागार थर असला तरी घेऊ नये. पाणवनस्पतींचे दुकान, रोपवाटिकेतली कमळाची कुंडी किंवा टाकी असलेला एखादा मित्र, हे मार्ग सुरक्षित.

आणलेले डकवीड आधी बादलीत पसरून पाहावे. गोगलगायी, त्यांची जेलीसारखी अंडी, चतुराच्या अळ्या, जळवा त्यासोबत येऊ शकतात. चतुराची अळी लहान माशांना सरळ खाते. फिकट गुलाबी होईल इतपत पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवून, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि वेगळ्या भांड्यात आठ-दहा दिवस ठेवून मगच टबात सोडावे. माशांना घालायचे, ते या पहिल्या लॉटमधून नाही. टबात नव्याने वाढलेल्यातून.

पाणी सगळे झाकले गेले की काढणी सुरू करायची. किती काढायचे, याचेही गणित आहे. डकवीड चार दिवसांत दुप्पट होत असेल, तर रोज सुमारे एक-षष्ठांश काढले तरी साठा तेवढाच राहतो. आठवड्यात दुप्पट होत असेल, तर रोज दहाव्या हिश्शाच्या आत राहावे. चहाची मोठी गाळणी किंवा टाकीतली जाळी यासाठी उत्तम. काढल्यावर उरलेले हाताने सारखे पसरून द्यावे. पाणी थोडे उघडे दिसले तर चालते, पण अर्ध्याहून जास्त उघडे ठेवले तर उन्हात शेवाळ माजते आणि तेच डकवीडच्या मुळांना धरते.

हेक्टरी आकडा घराच्या मापात आणला, तर एका चौरस मीटरमधून दिवसाला ५० ते १५० ग्रॅम ताजे डकवीड निघते. अर्ध्या चौरस मीटरच्या टबात खालची बाजू धरून २५ ग्रॅम मिळतील असे मानू. ते कोरडे सव्वा ते दीड ग्रॅम. पन्नास ग्रॅम वजनाच्या एका गोल्डफिशला दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम कोरडे खाद्य लागते. म्हणजे असा एक टब चार-पाच मध्यम माशांच्या आहारातला सुमारे पाव हिस्सा आरामात पुरवतो. उरलेल्या भागासाठी चांगले दाणे आणि अधूनमधून जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्या हव्यातच. वाढत्या पिल्लांना प्रथिने जास्त लागतात आणि पाण्याने भरलेल्या डकवीडने त्यांचे पोट लवकर भरते, म्हणून त्यांच्या आहारात दाण्यांचा वाटा मोठा ठेवावा.

डकवीडची तब्येत डोळ्यांनी कळते. चकत्या फिकट पिवळ्या आणि मुळे लांबच लांब झाली, तर पाण्यात पोषण कमी पडले आहे. वनस्पती अन्न शोधायला मुळे लांबवते आणि चकतीत प्रथिनांऐवजी पिष्ट साठवते. अशा वेळी टाकीचे पाणी जास्त घालावे. नवीन चकत्याच तेवढ्या पांढुरक्या निघत असतील, तर लोहाची कमतरता संभवते. पाणवनस्पतींसाठी मिळणारे लोहयुक्त द्रवखत अगदी थोडे घालावे. थर अंगावर अंग चढून जाड झाला आणि खालून वास येऊ लागला, तर काढणीला उशीर झाला आहे. कमळावर पडणारा मावा डकवीडवरही पडतो. त्यावर कुठलेही कीटकनाशक फवारू नये. चकत्या हाताने पाण्याखाली दाबून हलवल्या की मावा सुटतो, आणि राहिलेला मासे आनंदाने खातात.

महाराष्ट्रात टबाला ऋतूप्रमाणे जपावे लागते. २० ते ३० अंश सेल्सिअस हे डकवीडचे सुखाचे तापमान. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या गच्चीवरचे पाणी ३५ अंशांच्या पुढे जाते आणि चकत्या करपतात. तिथे हिरवी जाळी बांधणे आणि रोज बाष्पीभवनाने गेलेले पाणी भरणे गरजेचे. कोकणात प्रश्न पावसाचा. मुसळधार पावसात टब भरून वाहतो आणि डकवीड पाण्याबरोबर निघून जाते, उरलेल्या पाण्यातले पोषणही पातळ होते. टबाच्या काठाखाली एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी लावली किंवा टब पत्र्याखाली सरकवला की काम भागते. नाशिक-निफाडच्या थंडीत वाढ मंदावते. त्या दिवसांत काढणी कमी करायची. स्पायरोडेला तर थंडीत किंवा उपासमारीत जाड, गडद कळ्या तयार करते. त्या तळाशी जाऊन निपचित राहतात आणि पाणी कोमट झाले की वर येऊन पुन्हा फुटतात.

डासांचा प्रश्न टाळून चालणार नाही. साठवलेले पाणी म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आमंत्रण. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतो, ते अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून. डकवीडचा सलग थर अंडी घालायला थोडा अडसर करतो, पण रोजच्या काढणीत थर विरळ होतो. त्यामुळे टबावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे किंवा पाण्यात चार-सहा गप्पी मासे सोडावेत. राज्यात डासनिर्मूलनासाठी वाटले जातात तेच हे मासे. ते अळ्या फस्त करतात आणि टबाला थोडे खतही देतात. गप्पी ओढ्यात किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत. ते परदेशी मासे आहेत.

माशांना डकवीड घालताना ते साध्या पाण्यात एकदा धुऊन घ्यावे. दिवसभरात संपेल एवढेच द्यावे. सगळेच मासे पहिल्या दिवशी त्यावर तुटून पडतात असे नाही. दाण्यांवर वाढलेला मासा चकती तोंडात घेऊन थुंकतो. सकाळचे दाणे एक-दोन दिवस न देता आधी डकवीड दिले की तो शिकतो. वर वळलेल्या डोळ्यांचे सेलेस्टियल किंवा पाणफुग्यांचे बबल आय यांसारख्या माशांना अन्न नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी ते एका जागी राहायला हवे. हवेच्या पंपाची पातळ नळी गोल जोडून पाण्यावर सोडली की तिच्या आत डकवीड थांबते आणि फिल्टरकडेही ओढले जात नाही. लहान तोंडाच्या माशांना लेम्ना किंवा वुल्फिया सोपी. स्पायरोडेलाच्या मोठ्या चकत्या चिरून दिलेल्या बऱ्या.

गणपतीला चार दिवस गावी जाताना शेजाऱ्याकडे दाण्यांची डबी सोपवली, तर मासे बहुधा भुकेने नव्हे, अति खाण्याने आणि सडलेल्या दाण्यांनी मरतात. अशा वेळी निघण्यापूर्वी टाकीत दोन मुठी डकवीड सोडणे हा जास्त सुरक्षित उपाय आहे. खाल्ले तर पोट भरते, नाही खाल्ले तर पाणी बिघडत नाही. फक्त पाण्याचा सगळा पृष्ठभाग झाकला जाणार नाही आणि हवेचा पंप चालू राहील, एवढे पाहावे.

जास्तीचे डकवीड ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बर्फाच्या साच्यात थोड्या पाण्यासह गोठवले तर अधिक काळ. वाळवायचे असेल तर सावलीत, पातळ पसरून. कडक उन्हात त्यातले कॅरोटिन नष्ट होते आणि ढीग करून ठेवले तर ते आंबते. कोरडे झालेले चुरून दाण्यांत मिसळता येते. तरीही उरलेच, तर कोंबड्या ते आवडीने खातात, आणि गांडूळखताच्या खड्ड्यात ते झटपट कुजते. नदी, तळे किंवा विहिरीत मात्र ते टाकू नये: तिथे त्याला आवरायला गोल्डफिश नसतात, आणि दाट थराखाली पाण्यातला प्राणवायू घटून तिथले मासे गुदमरतात. गटारातही नको, कारण एक चकती पुढच्या ओढ्यात पोहोचली तरी तेवढी पुरते. बादलीभर डकवीड उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळले, की त्यातले नत्र झाडांना मिळते आणि काम संपते.